लॅब्रडॉरच्या पिल्लाचं ड्राय फूड निवडताना बॅगेची मागची बाजू वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी दोन महिन्यांचं लॅब्रडॉरचं नर पिल्लू आणलंय, वजन पाच किलो. ब्रीडरने सेरेलॅक, दूध आणि रोज दोन चमचे कॅल्शियमचं सिरप द्यायला सांगितलंय. एका पेट शॉपमध्ये 'हाय प्रोटीन' लिहिलेली बॅग दाखवली, दुसऱ्यात ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेलं, घ्या म्हणाले. घर शाकाहारी आहे, बजेट महिन्याला अडीच-तीन हजार. आणि यातून चांगलं ड्राय फूड निवडायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

आधी सिरपबद्दल बोलतो, कारण ते थांबवणं सगळ्यात निकडीचं आहे. पिल्लू पूर्ण पपी फूडवर आलं की सिरप बंद. अर्धा चमचाही नको. मोठ्या जातीचं पिल्लू घेऊन येणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिल्या भेटीत हेच सांगतो, आणि हेच पटवायला सगळ्यात अवघड जातं. 'हाडं मजबूत व्हायची तर कॅल्शियम पाहिजे' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि सिरप न देणं म्हणजे पिल्लाची आबाळ केल्यासारखं वाटतं.

कारण असं आहे. पूर्ण वाढलेला कुत्रा खाण्यातून गरजेपुरतं कॅल्शियम शोषतो, उरलेलं बरंचसं शीवाटे निघून जातं. पिल्लाच्या आतड्याला साधारण सहा महिन्यांपर्यंत हा आवर घालता येत नाही. पोटात जितकं जास्त जाईल तितकं जास्त रक्तात उतरतं. ग्रेट डेन या खूप मोठ्या जातीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांत हे स्वच्छ दिसलं होतं. ज्यांना कॅल्शियम जास्त मिळालं त्यांच्या कूर्चेचं हाडात रूपांतर नीट झालं नाही, सांधे बिघडले, पाय वाकले. पग किंवा पॉमेरेनियनचं पिल्लू असल्या चुका बऱ्याचदा पचवून जातं. लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांची हाडं मात्र पहिल्या सहा-आठ महिन्यांत इतक्या झपाट्याने वाढतात की खाण्यातली गडबड थेट पायांत उतरते.

असं पिल्लू टेबलावर उभं केलं की बघताक्षणी कळतं. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, मनगट वाकलेलं असतं आणि त्याच्या जरा वर हाड दोन्ही बाजूंनी फुगलेलं लागतं. तिथे अंगठ्याने हलकं दाबलं तरी पिल्लू पाय ओढून घेतं. घरचे काळजीने विचारतात, "डॉक्टर, मुडदूस झालाय का? सिरप वाढवू का?" मग एकेक विचारत गेलं की कळतं, पपी फूड चांगलं चाललेलं आहे, त्यावर सिरप आहे, आणि शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून अंड्याच्या टरफलांची पूडही आहे.

याच्या उलट पिल्लंही येतात. नुसता चिकन-भात किंवा नुसती दूध-पोळी खाऊन वाढलेली. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी ते हाडांतून ओढून घेतं. एक्स-रेमध्ये अशा पिल्लाची हाडं इतकी फिकट दिसतात की आजूबाजूच्या मांसापासून वेगळी काढायला निरखून बघावं लागतं. सोफ्यावरून उडी मारली आणि मांडीचं हाड मोडलं, असं यांच्या बाबतीत होतं. बाहेरून बघितलं तर दोन्ही प्रकारच्या पिल्लांचे पाय वाकलेलेच, आणि उपचार अगदी उलटे. म्हणून घरी अंदाजाने सिरप सुरू करणं किंवा वाढवणं धोक्याचं आहे. पायांत काही वेगळं दिसलं तर आधी एक्स-रे काढायचा आणि पिल्लू दिवसभरात काय काय खातं त्याची पूर्ण यादी डॉक्टरांना द्यायची.

चांगल्या पपी फूडमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य मापात आधीच घातलेलं असतं. म्हणून तुमच्या पिल्लासाठी बॅग निवडताना मी सगळ्यात आधी कॅल्शियम बघेन, प्रोटीन नंतर.

आता दुकानात जाल तेव्हा बॅग उलटी करा. पुढच्या बाजूला लॅब्रडॉरचा फोटो असो, 'प्रीमियम', 'नॅचरल', 'व्हेट रेकमेंडेड' असं काहीही लिहिलेलं असो, त्यावरून आतल्या मालाबद्दल खात्रीचं काहीच कळत नाही. मागे बारीक अक्षरांत एक वाक्य शोधायचं, ज्यात 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' हे शब्द आणि त्यापुढे कोणत्या वयासाठी ते लिहिलेलं असतं. 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस' असेल तर पिल्लाला चालेल. 'ॲडल्ट मेंटेनन्स' असेल तर ती बॅग खाली ठेवा. 'सप्लिमेंटल' किंवा 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण नाहीच, वरचा खाऊ आहे. या वाक्यात बहुतेक वेळा ॲफको किंवा फेडिआफ या संस्थांचा उल्लेख असतो. ॲफको अमेरिकेतली, फेडिआफ युरोपातली. कुत्र्यांच्या खाद्यात कोणते घटक किती हवेत याची मापं या संस्था ठरवतात. त्या कुठल्याही ब्रँडला मान्यता देत नाहीत की त्याची तपासणी करत नाहीत, त्यामुळे 'ॲफको अप्रूव्ड' असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नका. वाक्य असं हवं की हे खाद्य ॲफकोच्या मापांप्रमाणे बनवलंय, किंवा ॲफकोच्या पद्धतीने कुत्र्यांना खाऊ घालून तपासलंय.

तुमच्यासाठी या वाक्याचा शेवटचा तुकडा सगळ्यात मोलाचा आहे. मोठा झाल्यावर ज्यांचं वजन ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त होतं, अशा कुत्र्यांच्या वाढीसाठी हे खाद्य चालतं की नाही, हे अमेरिकी पद्धतीच्या लेबलवर वेगळं सांगितलेलं असतं. नर लॅब्रडॉर ३० ते ३६ किलोपर्यंत जातो, म्हणजे तुमचं पिल्लू नेमकं या रेषेवर आहे. तिथे 'इन्क्लुडिंग ग्रोथ ऑफ लार्ज साइज डॉग्ज' असेल तर उत्तम, 'एक्सेप्ट', म्हणजे 'वगळून', असेल तर ती बॅग तुमच्यासाठी नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बॅगांवर हा तुकडा नसतो, तेव्हा 'लार्ज ब्रीड पपी' असं स्पष्ट नाव असलेला प्रकार शोधा आणि पुढे सांगतोय तो आकडा तपासा.

ॲफकोच्या मापाप्रमाणे वाढीच्या वयात ओलावा वगळून खाद्यात कॅल्शियम किमान १.२ टक्के हवं. मोठ्या जातींसाठी त्याची वरची मर्यादा १.८ टक्के आहे, बाकी पिल्लांसाठी २.५. ड्राय फूडमध्ये साधारण १० टक्के ओलावा धरला तर बॅगेवरचा आकडा १.१ ते १.६ च्या दरम्यान असायला हवा. युरोपीय कंपन्यांचा आकडा एक टक्क्याच्या आसपास असतो, तोही चालतो. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यांच्या मध्ये हवं.

इथे एक अडचण येते. पुष्कळ बॅगांवर 'कॅल्शियम किमान १ टक्का' एवढंच छापलेलं असतं. किमान एक म्हणजे प्रत्यक्षात १.२ असेल किंवा २.३ असेल, दोन्हीत कंपनी खोटं बोललेली नाही. म्हणून बॅगेवरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ईमेल करा आणि विचारा की तयार मालात प्रत्यक्ष कॅल्शियम सरासरी किती असतं, आणि शंभर ग्रॅममध्ये किती किलोकॅलरी आहेत. त्याच ईमेलमध्ये आणखी दोन गोष्टी विचारा: खाद्याचा फॉर्म्युला कोणी ठरवला (आणि त्या व्यक्तीचं पशुपोषणातलं शिक्षण काय), आणि माल स्वतःच्या कारखान्यात बनतो की दुसरीकडून बनवून घेतात. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची जी जागतिक संघटना आहे, वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन, ती मालकांना कंपन्यांना याच धर्तीचे प्रश्न विचारायला सांगते. ब्रँडची नावं मी इथे देत नाही, कारण एकाच कंपनीचा एक प्रकार तुमच्या पिल्लाला योग्य असतो आणि दुसरा अयोग्य. पण ज्या कंपनीकडून या चार प्रश्नांची सरळ उत्तरं येतात तिच्यावर माझा विश्वास बसतो. जिच्याकडून नुसती जाहिरातीची भाषा परत येते तिचं खाद्य मी पिल्लाला सुचवत नाही.

आता प्रोटीन. वाढत्या पिल्लाला ओलावा वगळून किमान २२.५ टक्के प्रोटीन आणि ८.५ टक्के फॅट लागतं. बॅगेवर प्रोटीन २४ आणि ओलावा १० असेल तर २४ ला ९० ने भागून १०० ने गुणायचं, म्हणजे २६.७ टक्के येतात. हे पुरेसं आहे. लॅब्रडॉरसाठी २६ ते ३० च्या आसपासचं प्रोटीन मला योग्य वाटतं. जास्त प्रोटीनमुळे पिल्लाचे सांधे बिघडतात असं पूर्वी सांगायचे, त्याला आधार मिळालेला नाही. पण 'हाय प्रोटीन'वाल्या बॅगांमध्ये बहुतेक वेळा फॅटही चढं असतं, त्यामुळे कॅलरी वाढतात, आणि लॅब्रडॉरचा घात कॅलरींनी होतो.

याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण गुबगुबीत लॅब्रडॉर पिल्लू बघून सगळ्यांना आनंद होतो आणि त्याची किंमत ते पिल्लू पुढे खुब्यात आणि कोपरात मोजतं. प्युरिना कंपनीने ४८ लॅब्रडॉरवर जन्मभर चाललेला अभ्यास केला होता, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या, आणि आठ आठवड्यांचे असल्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. खाद्य दोघांनाही तेच. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं निघालं, दुसऱ्या गटाचं ११.२. खुब्याचा संधिवातही कमी खाणाऱ्यांत उशिरा आणि कमी दिसला. दुसरा गट काही बेसुमार जाडा नव्हता. आपल्या घरांत 'तब्येतीने छान' म्हणतात तसेच ते कुत्रे होते.

आणि लॅब्रडॉरच्या भुकेवर विसंबता येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गायब असतो. असे कुत्रे अन्नाच्या मागे जास्त लागतात आणि वजनाने जड होतात. तेव्हा पिल्लू रिकामं भांडं चाटत तुमच्याकडे बघत बसलं म्हणजे त्याचं पोट भरलेलं नाही, असं धरून चालू नका.

मग द्यायचं किती? पिल्लाच्या वजनाचा (किलोमध्ये) पाऊण घात, म्हणजे कॅल्क्युलेटरवर ०.७५ चा घात, काढून त्याला ७० ने गुणलं की निवांत पडून असताना लागणारी ऊर्जा मिळते. पाच किलोला हे २३४ किलोकॅलरी येतं. चार महिन्यांपर्यंत त्याच्या अडीच ते तीन पट द्यायचं, म्हणजे ५८५ ते ७०० किलोकॅलरी. खाद्यात शंभर ग्रॅमला ३७० किलोकॅलरी असतील तर दिवसाला १६० ते १९० ग्रॅम. चार महिन्यांनंतर साधारण दुप्पट पुरते. सहा महिन्यांचं, १८ किलोचं पिल्लू झालं की दिवसाला सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. बॅगेवरचा तक्ता काही वेळा याहून जास्त सांगतो. आकडा कुठलाही घेतलात तरी ती फक्त सुरुवात, खरा निकाल पिल्लाच्या अंगावर हात फिरवूनच लागतो. हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट बोटांच्या मुळाशी असलेल्या टेंगळांवरून फिरवा. तिथे लागतं तशा बरगड्या टोकदार लागल्या तर पिल्लू बारीक आहे. मूठ उघडून पंजाच्या मागच्या बाजूला बोट फिरवल्यावर हाडं जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. हे दर आठवड्याला बघायचं आणि खाणं पाच-दहा टक्क्यांनी वरखाली करायचं. मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. कप आणि वाट्यांनी मोजलं की रोज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

दुकानदार तुम्हाला कदाचित 'स्टार्टर' देईल. स्टार्टर आईचं दूध सुटतानाच्या काळासाठी असतं, दोन महिन्यांपर्यंत. त्यात कॅलरी दाटून भरलेल्या असतात, दाणे बारीक आणि लगेच मऊ होणारे असतात, पिल्लं आवडीने खातात आणि म्हणूनच ते चार-चार महिन्यांपर्यंत चालू राहतं. तुमच्या पिल्लाला आता त्याची गरज नाही.

घटकांच्या यादीवर लोक सगळ्यात जास्त वाद घालतात. मी तिच्यावर थोडाच वेळ घालवतो. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि त्या वजनात पाणी धरलेलं असतं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणीच, त्यामुळे पहिलं नाव 'फ्रेश चिकन' असलं तरी दाण्यात सुकल्यावर त्याचा वाटा बराच कमी होतो. 'चिकन मील' म्हणजे पाणी आणि चरबी काढून सुकवलेली पूड. तिच्यात प्रोटीन जास्त असतं आणि ती वाईट अजिबात नाही. प्राण्याचं नाव दिलेलं असावं, नुसतं 'मीट मील' नको, एवढं मी बघतो. तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा असं एकच धान्य तीन नावांनी फोडून लिहिलेलं असेल तर बेरीज मनात करा. माशाचं तेल किंवा डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं एक फॅटी ॲसिड) असेल तर चांगलं, ते पिल्लाच्या मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला लागतं. रंगीत दाण्यांचा पिल्लाला काही उपयोग नाही, ते आपल्या डोळ्यांसाठी असतात.

ग्रेन-फ्रीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. धान्याची ॲलर्जी कुत्र्यांमध्ये वाटते तितकी होत नाही. अन्नाच्या ॲलर्जीत गोमांस, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन ही नावं गव्हाच्या आधी येतात. ग्रेन-फ्री खाद्यात धान्याच्या जागी वाटाणा, मसूर, बटाटा भरतात. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की असं खाद्य खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होऊन हृदय मोठं होण्याच्या तक्रारी आल्या आहेत आणि त्यांची चौकशी चालू आहे. खाद्यामुळेच हे होतं असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण ज्याचा फायदा नक्की नाही आणि ज्याबद्दल ही शंका आहे, त्यासाठी जास्त पैसे मोजून ते वाढत्या पिल्लाला का द्यायचं?

शाकाहारी घराचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. पुण्या-मुंबईत अशी अनेक घरं आहेत जिथे मांस शिजत नाही आणि कुत्रा मात्र जिवापाड सांभाळलेला असतो. ड्राय फूडचा त्यांना फायदा असा की घरात काहीच शिजवावं लागत नाही. पिल्लाचं भांडं, मोजायचा चमचा आणि धुवायची घासणी वेगळी ठेवा, बॅग गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये डब्यात ठेवा. खाद्य हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, हे मांसाहारी घरांनाही लागू आहे, कारण सुक्या दाण्यांतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. शाकाहारी ड्राय फूड बाजारात मिळतं आणि कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही हेही खरं. तरी वाढीच्या वर्षात, त्यातही मोठ्या जातीत, मी ते सुचवत नाही. वनस्पतींपासून सगळी अमिनो आम्लं आणि खनिजं नेमक्या मापात बसवायला फार काटेकोर फॉर्म्युला लागतो आणि चूक झाली तर ती हाडांत राहते. कुत्रा पूर्ण वाढल्यावर हा विषय पुन्हा काढता येईल. घरात मांसाचा दाणाही नको असा निर्णय असेल, तर पशुपोषणतज्ज्ञाकडून आहार आखून घ्या, दुकानातून उचललेली बॅग पुरणार नाही.

बजेट. किलोचा भाव बघू नका, दिवसाचा खर्च काढा. समजा एक बॅग ३०० रुपये किलो आणि शंभर ग्रॅममध्ये ३२० किलोकॅलरी, दुसरी ५५० रुपये किलो आणि ३८० किलोकॅलरी. ७०० किलोकॅलरी द्यायला पहिलीचे २१९ ग्रॅम लागतील, ६६ रुपये. दुसरीचे १८४ ग्रॅम, १०१ रुपये. भाव जवळपास दुपटीचा, खर्च दीडपट. पण पिल्लू सहा महिन्यांचं झालं की महिन्याला दहा किलो खाद्य लागेल आणि ३०० रुपयांच्या भावानेही तीन हजार जातील. म्हणजे तुमचं बजेट मधल्या किमतीच्या खाद्याला पुरेल, महागड्या आयात बॅगेला नाही. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. कॅल्शियमचा आकडा नीट असलेलं, 'ग्रोथ'साठी पूर्ण असलेलं मधल्या किमतीचं खाद्य मोजून दिलं तर लॅब्रडॉर उत्तम वाढतो. आधी तीन महिने महागडं आणि मग परवडत नाही म्हणून दूध-पोळी, असं करू नका.

पैसे वाचवायला सुटं खाद्य मात्र कधीच आणू नका. पेट शॉपमध्ये वीस किलोची गोणी उघडी ठेवून त्यातून किलो-दोन किलो तोलून देतात. त्या पिशवीवर ना बॅच नंबर, ना तारीख, ना ते कुठलं खाद्य आहे याची खात्री. दाण्यावरचं फॅट हवेने खवट होतं, आणि पावसाळ्यात, कोकणात आणि मुंबईत तर विशेष, दाणे ओल धरतात. धान्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते यकृतावर घाला घालतं. बुरशी डोळ्यांना दिसेलच असं नाही. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत अफ्लाटॉक्सिनमुळे एका कंपनीचं खाद्य बाजारातून परत मागवलं, शंभराहून जास्त कुत्रे दगावल्याची नोंद एफडीएकडे झाली. तिथे बॅच नंबरवरून माल शोधता आला. सुट्या पिशवीत तेही शक्य नाही.

तुम्ही सुरुवातीला तीन किलोची बंद बॅग घ्या. तारीख बघा, आणि आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता छापलेला आहे ना ते बघा. घरी दाणे डब्यात ओतू नका, बॅगेसकट डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबर हाताशी राहतो आणि डब्याच्या भिंतींना चिकटलेलं जुनं तेल नव्या खाद्याला लागत नाही. उघडलेली बॅग महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्यायची. उघडल्यावर जुन्या शेंगदाण्यांना येतो तसा खवट वास आला, किंवा नेहमी तुटून पडणारं पिल्लू अचानक त्याच खाद्याला तोंड लावेना, तर बॅग परत करा.

सेरेलॅक बाळांसाठी आहे, पिल्लासाठी नाही; त्यात प्रोटीन कमी पडतं आणि काही प्रकारांत साखरही असते. दूध अनेक पिल्लांना पचत नाही, शी पातळ होते. दोन्ही बंद करताना एकदम करू नका. पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा नवं खाद्य, मग निम्मं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. सुरुवातीला दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा, उकळतं पाणी नको. भिजवलेलं उरलं तर अर्ध्या तासाने टाकून द्या. आत्ता दिवसातून चार वेळा, चार महिन्यांपासून तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. शिकवताना देता ते बक्षिसाचे तुकडे, गाजर, उकडलेलं अंडं, सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असलेलं काहीही अजिबात नाही.

बदलाच्या काळात शी थोडी मऊ झाली तर एक पाऊल मागे या, दोन दिवस थांबा. पण पाण्यासारखे जुलाब, रक्त, उलट्या किंवा पिल्लू मलूल होणं, याला 'नवं खाणं सोसत नाही' म्हणून घरी बसू नका. या वयात पार्व्हो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार आणि जंत ही दोन कारणं आधी तपासायची असतात, आणि पार्व्होत काही तासांचा उशीरही महागात पडतो. पिल्लाचं लसीकरण आणि जंताचं औषध कुठवर आलंय ते ब्रीडरच्या शब्दावर न ठेवता पुस्तिकेत बघा.

पपी फूड लॅब्रडॉरला १२ ते १५ महिन्यांपर्यंत चालू ठेवायचं, मग मोठ्यांचं. मधे नसबंदी केलीत तर ऊर्जेची गरज बरीच घटते, तेव्हा खाणं लगेच कमी करून बरगड्या पुन्हा तपासायच्या. तोवर दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा. बॅग नक्की करण्यापूर्वी तिच्या मागच्या बाजूचा फोटो आणि कंपनीने कॅल्शियमचा जो आकडा कळवला असेल तो मला पाठवा, मी बघून सांगतो.